हप्ता बारा महिने, मशीन आठ महिने

2014 ची दिवाळी झाली तेव्हा माझ्याकडं अडीच लाख रुपये होते आणि डोक्यात जेसीबी बसला होता. अडीच लाखांतले नव्वद हजार आईनं भिशी उचलून आणि पाटल्या मोडून दिलेले. बाकीचे मी पाच वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर ऑपरेटर म्हणून राबून साठवलेले. गाव औसा तालुक्यातलं. वडील म्हणत होते, ट्रॅक्टर घे, शेतालाही होईल. गावात तेव्हा एकोणीस ट्रॅक्टर होते. विसावा आणून मी कुणाचं रान नांगरणार होतो?

आमच्याकडं मागं खोदायचा हात आणि पुढं भरायची बकेट असलेल्या कुठल्याही मशीनला जेसीबीच म्हणतात, कंपनी कोणतीही असो. चेनवर चालणाऱ्या एक्सकॅव्हेटरला पोकलेन म्हणतात, ते नाव पोक्लेन या फ्रेंच कंपनीवरून आलं. मीही इथं तसंच लिहिणार आहे. त्यावरून माझं मशीन कुठल्या कंपनीचं, हे कुणी काढू नये.

पहिलं मशीन जेसीबीच घ्यायचं, हे मात्र पक्कं होतं. पोकलेनची ताकद जास्त, पण त्याला एका गावातून दुसऱ्या गावात न्यायला ट्रेलर लागतो. ट्रेलरचं जाण्यायेण्याचं भाडं निघेल एवढं मोठं काम असेल तरच ते परवडतं. जेसीबी आपल्या चाकांवर जातो. सकाळी एकाच्या गोठ्याचा पाया, दुपारी दुसऱ्याचा बांध, संध्याकाळी तिसऱ्याच्या शेणखताच्या दोन ट्रॉल्या भरून द्यायच्या. खोली पंधरा फुटांच्या आसपास मिळते, गावातल्या कामाला तेवढी पुरते. मी पाच वर्षं हेच करत होतो, फक्त पैसे मालकाच्या खिशात जात होते.

नवीन मशीन तेव्हा बावीस लाखांच्या पुढं होतं. फायनान्सवाल्यानं चहा पाजला आणि तीन वर्षांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न मागितले. ऑपरेटरला पगार हातात मिळतो, पावती नसते, मग रिटर्न कुठून आणू? वडिलांचा सातबारा दाखवला. साडेतीन एकर कोरडवाहू बघून त्यानं दुसरा चहा काही मागवला नाही. म्हणून जुनं बघायचं ठरलं.

जुनं मशीन बघायचं शिक्षण मला लातूरच्या एमआयडीसीतल्या एका मिस्त्रीनं दिलं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. चाचांना मोटारसायकलवर मागं बसवून मी महिनाभरात सात मशीन बघितले. पहिल्या ठिकाणी मी उडी मारून केबिनमध्ये चढलो आणि मीटरचे तास वाचले. चाचा खालूनच म्हणाले, "मीटर मत देखो बेटा, पिनां देखो." मीटर बदलता येतं, सांध्यांतल्या पिन आणि बुश झिजलेले असले की लपत नाहीत. बकेट जमिनीवर टेकवून बूमला, म्हणजे खोदायच्या हाताला, वर-खाली हिसका द्यायचा आणि सांध्याला बोट लावून बघायचं, किती खेळतंय. मागचा हात डावीउजवीकडं फिरतो ती किंगपोस्ट ढिली असेल तर खर्च मोठा. तशी असेल तर चाचा पुढचं काही न बघता मोटारसायकलकडं चालायला लागायचे.

बाकीच्या गोष्टीही त्यांच्याच. मालकाला आधी फोन करायचा नाही, अचानक जायचं, कारण थंड इंजिन पहिल्या झटक्यात लागतं का ते कळलं पाहिजे. दोन ठिकाणी आम्ही पोचलो तर बॉनेट आधीच गरम. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडायचं, तिथून धूर भकाभका आला तर आत पिस्टन-रिंगची वाट लागलेली. बकेट भरून बूम उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि बिडी ओढत बसायचं. बिडी संपेपर्यंत बूम किती खाली आला त्यावरून सिलिंडरच्या सीलची हालत समजते. दोन तास काम करून तेल तापल्यावर हीच परीक्षा पुन्हा. मशीन थंड असताना सगळेच पैलवान. आणि नवा रंग दिसला की बूमच्या पोटाखाली हात फिरवायचा. एका मशीनला रंगाखाली वितभर वेल्डिंग सापडलं. मालक म्हणाला, "ते कंपनीतूनच तसं आलंय."

कागदाच्या बाबतीत चाचांना काही कळत नव्हतं आणि मलाही नाही. तिथं एकदा थोडक्यात वाचलो. मशीन पसंत पडलं, अकरा हजार इसार द्यायचं ठरलं, आणि आरसी नीट वाचली तर बोजा अजून फायनान्स कंपनीचा. मालक म्हणाला, हप्ते संपलेत, नुसती नोंद काढायची राहिली. मग एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 दाखवा म्हटलं तर तो आठ दिवस फोनच उचलेना. तेव्हापासून माझा नियम आहे: आधी बोजा उतरलेला कागद, मग मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, मग पैसे. चेसिस नंबर आरसीवरून नाही, मशीनवरून पेन्सिलनं कागदावर घासून उतरवायचा.

शेवटी उदगीरकडचं 2009 चं मॉडेल साडेदहा लाखांना ठरलं. अडीच लाख माझे, आठ लाखांचं कर्ज, तीन वर्षं मुदत. जुन्या मशीनला व्याज जास्त पडतं, मला सोळा टक्के पडलं. हप्ता 28 हजार शंभर. जामीन मामा राहिले. त्या दिवशी मी किती सह्या केल्या ते मोजलं नाही, पण कोरे चेक मोजले, बारा होते. मामांनी सातबारा पुढं सरकवताना एकच विचारलं, "झोप येईल का रे तुला?" मी हसलो. पुढं दोन वर्षं ते वाक्य दर महिन्याच्या चार तारखेला आठवायचं, कारण हप्ता पाच तारखेला जायचा.

जानेवारी 2015 मध्ये मशीन गावात आलं. बकेटला हार, दातांना हळदीकुंकू, पुढच्या चाकाखाली लिंबू, सगळं झालं. पोरं बकेटमध्ये बसून फोटो काढत होती. वडील मात्र पारावरून उठून जवळ आले नाहीत. मला राग आला. रात्री आई म्हणाली, "त्येन्ला किल्लारी आठवती." 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमच्या गावात भिंती चिरल्या, पण आत्याचं गाव पार आडवं झालं. वडील दोन दिवस तिथं होते. माती उपसायला मशीन आलं तेव्हा ते घराच्या जागेवर उभे राहून, कुठं खोदायचं ते दाखवत होते. याबद्दल ते माझ्याशी कधीच बोललेले नाहीत, नंतरही नाही. आठवड्यानं त्यांनी स्वतःहून मशीनवर ताडपत्री टाकली, एवढंच.

आता हिशोब. हा मी मशीन घ्यायच्या आधी करायला हवा होता. केला नंतर, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागं.

तासाचा भाव 750 रुपये. तासाला पाच लिटर डिझेल धरलं तर तीनशे गेले. ग्रीस, ऑइल, टायर, बकेटचे दात, हायड्रॉलिकचे पाईप, या सगळ्यांचे मिळून शंभर धरले. उरले साडेतीनशे. हप्त्याचे 28 हजार आणि ऑपरेटरचा पगार-भत्ता 12 हजार, म्हणजे महिन्याला चाळीस हजार. भागाकार केला तर 115 तास. एवढे तास चालल्यावर माझ्या घरात शून्य रुपये येणार होते. 116 व्या तासाला पहिले साडेतीनशे.

महिन्याला 115 तास म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. सीझनमध्ये मी दोनशे तास काढलेत. पण आमची जमीन काळी. मृगाचा पाऊस पडला की शेतात पाय ठेवता येत नाही, आठ टनांचं मशीन तर पोटापर्यंत बसतं. पुढं सोयाबीन उभं, मग ज्वारी-हरभरा उभा. रानं मोकळी होतात ती फेब्रुवारी-मार्चला, आणि तिथून जूनपर्यंत काय ती धावपळ. बाकीच्या महिन्यांत घराचा पाया, गल्लीतली पाइपलाइन, कुठंतरी रस्त्याची साइडपट्टी. मशीन फार तर आठ महिने चालतं. हप्ता बारा महिने चालतो.

पहिल्या वर्षी सगळे मिळून 1,270 तास झाले. कॅलेंडरच्या हिशोबानं 1,380 लागत होते. वाचलो ते एकाच कारणानं: दुसऱ्या महिन्यात मी ऑपरेटर काढून टाकला आणि स्वतः सीटवर बसलो. काढला तो डिझेलमुळं. मशीन रिकामं चालू ठेवायचं म्हणजे मीटर फिरतं, आणि वाचलेलं डिझेल रात्री कॅनमधून जातं. पाच वर्षं ऑपरेटर होतो, त्यामुळं ही कला मला माहीत होती. मी केली होती का, ते इथं लिहीत नाही.

स्वतः चालवलं म्हणून वहीत वर्षाअखेर लाखभर रुपये नफा दिसत होता. खिशात मात्र हप्त्यापुरतेही नव्हते, कारण उधारी 1 लाख 36 हजार झाली होती. याच्यावर कुणी बोलत नाही. मशीन कसं घ्यावं ते शंभर जण सांगतात. गावात धंदा करताना पैसे कसे मागावेत, ते कुणी शिकवत नाही. गिऱ्हाईक कोण? चुलता, मास्तर, सरपंचाचा मेव्हणा, आई ज्याला ओवाळते तो मानलेला भाऊ. "सोयाबीन झालं की देतो" हे आमच्याकडं पोस्टडेटेड चेकसारखं चलनात आहे. आणि 2015 ला सोयाबीन झालंच नाही. सलग दुसरं वर्ष पाऊस गेलेला. ज्याच्या शेंगा भरल्या नाहीत त्याच्या दारात जाऊन मी 2,250 रुपये कोणत्या तोंडानं मागणार?

पण त्याच दुष्काळानं मला काम दिलं. डिसेंबर 2014 मध्ये सरकारनं जलयुक्त शिवार अभियान काढलं आणि नाला खोलीकरण, रुंदीकरणाची कामं गावोगाव निघाली. ठेकेदाराला पैसे घनमीटरवर मिळायचे, मला तासावर. दोन वर्षं मशीनला उन्हाळ्यात उसंत नव्हती. फेब्रुवारी 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं करायचं, जास्तीत जास्त अनुदान पन्नास हजार. मुरमाच्या रानात तेवढं खोदायला जेसीबीला साठेक तास लागतात. म्हणजे अनुदान आलं की जवळपास सगळं मशीनवाल्याचं. येणार मात्र काम झाल्यावर, तपासणी होऊन, शेतकऱ्याच्या खात्यावर. बँकेनं ते पीककर्जात वळतं केलं तर शेतकरी आणि मी दोघंही पासबुकाकडं बघत बसायचो.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. साऱ्या देशानं ते टीव्हीवर बघितलं. त्याच महिन्यात माझं मशीन 230 तास चाललं, तोपर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा. हे कसं सांगावं मला अजून समजत नाही. घरी आई घागरीभर पाण्यात भांडी विसळत होती आणि मी बाहेर पाणी नसल्याचे पैसे मोजत होतो. मांजरा नदीचं पात्र साई ते नागझरीच्या दरम्यान लोकवर्गणीतून खोल करायचं काम निघालं, तेव्हा मीही बारा दिवस गेलो, फक्त डिझेलवर. मोठेपणा म्हणून नाही, मन खात होतं म्हणून. तिथं आजूबाजूला पोकलेन बघितले. माझा जेसीबी दिवसभर जेवढं उपसायचा तेवढं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत काढून ठेवायचे. पोकलेनचा किडा डोक्यात शिरला तो तिथं.

त्या जलयुक्तच्या कामांबद्दल एक सांगतो, कारण बकेट माझी होती. नाल्यातला गाळ काढायचा असतो, हे आम्हाला माहीत होतं. किती खाली थांबायचं, ते साइटवर सांगायला बहुतेक वेळा कुणी नसायचं. घनमीटर वाढला की बिल वाढतं, म्हणून खोल जायचं. 2020 मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं या अभियानावर ताशेरे ओढले तेव्हा चहाच्या हॉटेलात मोठी चर्चा झाली. मी काही बोललो नाही. काही नाल्यांत आजही फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं, काही नुसते रुंद झालेत.

सप्टेंबर 2016 मध्ये मात्र असा पाऊस आला की मांजरा धरण भरलं आणि माझं मशीन एका उसाच्या रानाच्या कडेला अकरा दिवस रुतून बसलं. वर तोंड करून उभं, मागचं चाक मातीत गडप. दोन ट्रॅक्टर लावून ओढलं, तेही रुतले. वडील रोज डबा घेऊन यायचे, मशीनभोवती एक चक्कर मारायचे आणि म्हणायचे, "वापसा आल्याबगर निगायचं न्हाई." बाराव्या दिवशी वापसा आला, म्हणजे रान पाय ठेवण्याइतकं वाळलं, आणि मशीन निघालं.

जानेवारी 2018 मध्ये कर्ज फिटलं. पेढे वाटले, मामांचा सातबारा मोकळा केला. 2015 पासून रिटर्न भरत होतो, त्यामुळं आता फायनान्सवाले घरी येत होते आणि चहा आम्ही पाजत होतो. इथं मी चूक केली. कर्जाशिवाय एक वर्ष तरी काढायला हवं होतं. मी नऊ महिने काढले आणि दसऱ्याला वीस टनी पोकलेन घेतलं. 2016 चं मॉडेल, बत्तीस लाख. सात लाख घातले, पंचवीस लाखांचं कर्ज चार वर्षांचं, हप्ता 67 हजार.

चाचांनी यावेळी बजावलं होतं की चेन बघ. पोकलेनचं अर्धं आयुष्य त्याच्या पायात असतं. चेन, रोलर, स्प्रॉकेट आपल्या पाषाणात नि मुरमात लवकर झिजतात. मी बघितली, चाचा "एक उन्हाळा जाईल" म्हणाले, मी ऐकलं "जाईल". उन्हाळा गेला आणि साडेचार लाखही गेले.

पण खरा फटका वेगळाच. राष्ट्रीय महामार्गाची कामं जोरात होती. एका पोटठेकेदारानं मशीन महिन्याच्या भाड्यावर लावलं: 240 तास, एक लाख वीस हजार, डिझेल त्याचं. मला स्वर्ग वाटला. उधारी नाही, चुलता नाही, सोयाबीन नाही, छापील वर्कऑर्डर. पहिले तीन महिने पैसे वेळेवर आले. चौथ्याला "वरून बिल निघालं नाही." पाचव्यालाही तेच. मी मशीन काढून का आणलं नाही? कारण काढलं असतं तर मागचे बुडाले असते. असं करत सात महिने गेले, आठ लाख चाळीस हजार अडकले. गावातल्या उधारीला मी नावं ठेवत होतो, पण गावात कुणी माझे आठ लाख एकदम ठेवून घेतले नव्हते.

त्यात जीएसटी. मी दर महिन्याला बिल काढत होतो, त्यावर अठरा टक्के कर. पैसे आले नाहीत तरी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला कर भरावाच लागतो, तो बिलावर असतो, जमेवर नाही. न मिळालेल्या पैशावर मी दीड लाख रुपये सरकारला भरले. ही गोष्ट मला सीएनं सांगितली तेव्हा मला वाटलं तो चेष्टा करतोय. पुढं दोन वर्षांत तुकड्या-तुकड्यानं पाच लाख हाती आले, बाकीचे वहीतच आहेत. वही मी टाकलेली नाही.

त्याच काळात आणखी एक झालं. कुणाच्या तरी शब्दावर मुरूम भरायला जेसीबी पाठवला, रॉयल्टीची पावती आहे का ते विचारलं नाही. पथकानं मशीन धरलं. मुरमासारखं गौण खनिज विनापरवाना काढलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लागू शकतो, आणि मशीन सोडवायचा दंड वेगळा, तोही लाखात. ज्याच्यासाठी मुरूम भरत होतो तो त्या दिवशी पंढरपूरला होता म्हणे. मशीन महिनाभर उघड्यावर उभं राहिलं. बॅटरी गेली. आता पावतीचा फोटो मोबाईलवर आल्याशिवाय माझा ऑपरेटर चावी फिरवत नाही. त्याबद्दल तालुक्यात मला "इन्स्पेक्टर" म्हणतात.

मग मार्च 2020. लॉकडाऊन. रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली, मी तीन महिने घेतली. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. साठ हजारांच्या आसपास वाढलं. बायकोनं, ती बारावीनंतर पतसंस्थेत कामाला होती, एका रविवारी माझी वही, बँकेचं स्टेटमेंट आणि कॅलेंडर पुढं मांडलं आणि विचारलं, "पोकलेन आल्यापासून आपल्या घरात किती आले?" दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत शोधलं. सापडले नाहीत. सगळा खर्च 2009 च्या जुन्या जेसीबीवर चालला होता. तो गावातली दोन-दोन तासांची कामं करत पोकलेनला पोसत होता.

जानेवारी 2021 मध्ये पोकलेन साडेएकवीस लाखांना विकलं. पावणेपंधरा लाख फायनान्सला गेले, पावणेसात हातात उरले. लोक म्हणाले, बसला खाली. आई म्हणाली, "बरं झालं, ट्रेलरचा आवाज लई व्हायचा."

ते पावणेसात लाख मी मार्चमध्ये मार्जिन म्हणून भरले आणि पहिल्यांदा कोरं करकरीत मशीन घेतलं. पुन्हा जेसीबीच. मार्च अशासाठी की 1 एप्रिल 2021 पासून अशा चाकांच्या मशीनला प्रदूषणाचे नवे निकष, भारत स्टेज चार, लागू होणार होते आणि किमती वाढणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या मशीनचं सुख म्हणजे मोबाईलवर कळतं ते कुठं उभं आहे, किती तास चाललं, किती रिकामं चाललं. ऑपरेटरला मी पहिल्याच दिवशी ते दाखवलं. तो म्हणाला, "मालक, ह्यात आवाज पण येतो का?" नाही म्हटल्यावर त्याला जरा हुशारी आली.

भाव बदलले, डिझेलनं शंभरी ओलांडली तेव्हा आम्ही तालुक्यातले दहा-बारा मालक एका धाब्यावर बसून नवा दर ठरवून आलो आणि तिसऱ्या दिवशी त्यातल्याच एकानं पन्नास रुपये कमी घेतले. आता मी दराचं भांडण करत नाही. दोन अटी ठेवल्यात. एक, कितीही लहान काम असो, तीन तासांचे पैसे. दुसरी, निम्मे पैसे मशीन रानात उतरायच्या आधी. पहिल्या अटीवर नातेवाईक तुटले, दुसरीवर काही परत आले. उधारी अजूनही आहे, पण ती कुणाची आणि किती, हे मी ठरवतो. विधवा बाईचं काम, पोराच्या शिक्षणाला रान विकणाऱ्याचं काम, ती यादी बायकोकडं वेगळी असते आणि ती मागायला आम्ही जात नाही.

2023 मध्ये पुन्हा पोकलेन घेतलं, पण चौदा टनी, जुनं, आणि ब्रेकरसकट, म्हणजे पाषाण फोडायच्या हातोड्यासकट. महामार्गाला नाही, विहिरींना. आमच्याकडं विहीर म्हणजे वरची काळी माती, मग मुरूम, मग पाषाण. बकेट जिथं थांबते तिथून ब्रेकरचं काम सुरू होतं, आणि एका शिवारात चार विहिरी ठरल्याशिवाय मी ट्रेलर हलवत नाही. 2009 चा जेसीबी गेल्या वर्षी विकला. घेणारा पोरगा हासेगावकडचा, सोबत मिस्त्री घेऊन आला होता. मिस्त्रीनं मीटरकडं बघितलंच नाही, सरळ पिनेला हात घातला. चाचांनी शिकवलेला असणार. मी म्हटलं, बुश दोन वेळा बदललेत, किंगपोस्टही एकदा, बिलं आहेत. पोरानं हळूच विचारलं, "अण्णा, महिन्याला किती तास निघतात?" मी त्याला माझ्या कॅलेंडरचा कागद दाखवला. तो जपून ठेवलाय. त्यानं मोबाईलवर फोटो काढून घेतला आणि मशीन तरी पण नेलंच.

हे लिहितोय ते एका विहिरीच्या काठावर बसून. गेल्या गुरुवारी काम धरलं, मालक सत्तरीतले आबा, निम्मे पैसे आधी देऊन बसलेत. काल अठ्ठावीस फुटांवर पाषाण लागला. बकेट आणली वर, ब्रेकर जोडला, आणि नियमाप्रमाणं आबांना सांगायला गेलो की इथून पुढं तासाचा भाव वेगळा पडतो. आबांनी काठावरून खाली वाकून बघितलं, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "पैशाचं काय, दिऊ की. आधी पाणी तर लागू दे."